काशीचं दुखणं कुणाचं?

काडी मोडते तेव्हा आवाज होत नाही. गवताची काडी ती. आवाज कसला?

*

टायफॉइड उतरला की केस गळतात. नंतर नवे येतात, कधी कधी आधीपेक्षा कुरळे.

*

मोहोळच्या बाजारात कुणी तोंडावर नाही म्हणत नाही. ‘बघू की’ म्हणतात.

*

शेंगाचटणी कुटताना हात मध्येच थांबला तर तेल सुटत नाही. थांबायचं नसतं.

*

खाट, एक दिवस. खाट, एक दिवस. खाट, एक दिवस. हे माझं अक्षर.

*

त्याच्या कानामागे सुताचा एखादा धागा अडकलेला असायचा. कधी निळा, कधी डाळिंबी. मी तो काढला नाही. बरेच दिवस काढला नाही…

खिडकी

आमच्या नर्सिंग होममधली पैसे भरायची खिडकी फार खाली होती. सुताराची चूक म्हणायचे. मला तसं वाटत नाही. पैसे द्यायला आलेला माणूस तिथे आपोआप वाकायचा. मी आत खुर्चीवर बसायचे आणि दिवसभर मला वाकलेली माणसं दिसायची.

पंचाहत्तर साल होतं, संक्रांत तोंडावर आली होती. सकाळची कडक थंडी, गिरणीचा भोंगा नुकताच झालेला. खिडकीत एक डोकं वाकलं. डोक्यात सुताचा कापूस, ओठांवर हसू.

“अक्कलकोटची गाडी कितीला हाय हो बाई?”

“ही एस.टी.ची खिडकी नाही.”

“न्हाय? मग हितनं भाईर पडायला चिठ्ठी कशाला लागतीया?”

मी मान वर केली. तो हसत होता, पण डोळे हसत नव्हते. हे मला पहिल्याच दिवशी दिसलं. असं दिसणं धोक्याचं असतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं.

“पेशंट कोण?”

“काशम्मा. सात वर्षांची. डॉक्टर म्हणत्यात पोरगी ठणठणीत हाय. धोंडीराम शिपाई म्हणतोय चिठ्ठी दाखव, मगच पोरगी भाईर.”

“बिल बाकी आहे.”

“अर्धं भरलंय की मी. अनामत म्हणून.”

“अर्धं राहिलंय.”

“मग अर्धी पोरगी द्या.”

मला हसू आलं. मी ते रजिस्टरात लपवलं. आमच्याकडे नियम होता: पैसे पूर्ण, मग पेशंट. तो मी केला नव्हता. मी फक्त तो रोज सांगायचे, शांतपणे, हसून… डॉक्टरांनी मला त्यासाठीच ठेवलं होतं. मुलीच्या तोंडून ऐकलं की माणसं चिडत नाहीत, असं त्यांचं म्हणणं.

“तुम्ही कोण तिचे?”

“मामा. रेवणसिद्ध.”

“मग मामा, असं करा—”

“ओ बाई.” तो आणखी वाकला. “अख्खा वॉर्ड मला मामा म्हणतोय. नर्स मामा म्हणतीया, धोंडीराम म्हणतोय, तो माझ्या बापाच्या वयाचा हाय. तुमी तरी म्हणू नका.”

मी म्हटलं नाही. त्यानंतर कधीच म्हटलं नाही.

चटणी

तो चादरीच्या कारखान्यात होता. नक्षीची पुठ्ठी पाडायचा. म्हणजे पुठ्ठ्याला भोकं पाडायची. भोकं बरोबर पडली की मागावर मोर उतरतो, चुकली की मोराला तीन पाय येतात. हे त्यानेच मला सांगितलं, खिडकीतून, बहिणीचा डबा वर वॉर्डात पोचवून झाल्यावर.

बहीण चंद्रव्वा. खानावळींना कडक भाकऱ्या करून द्यायची. काशीचा जन्म झाल्यावर चौथ्या वर्षी चंद्रव्वाच्या नवऱ्याने काडी मोडली, सोडचिठ्ठी दिली. नवरा बसप्पा, मोहोळला गुळाची आडत. त्याचं दुसरं लग्नही झालं होतं. चंद्रव्वा भावाकडे राहायची आणि भावाला ओझं नको म्हणून चुलीपुढून उठायची नाही.

“हे घ्या.” एक दिवस खिडकीतून पुडी आली. पेपरच्या कागदाला तेल सुटलेलं. “शेंगाचटणी. अक्कानं तुमाला दिली.”

“अक्कानं?”

“…अक्कानं कुटली. दिली मी.”

“पेशंटच्या माणसांकडून काही घ्यायचं नाही, असा नियम आहे.”

“तुमच्याकडं नियम लई हायत. मागावर जाळी हुईल एवढे हायत.”

मी पुडी घेतली. दुपारी भाकरीबरोबर खाल्ली आणि नाक-डोळे पुसत बसले.

“कशी होती?” संध्याकाळी त्याने विचारलं.

“तिखट.”

“तुमच्यापेक्षा कमीच आसंल.”

“आणि तुम्ही? गोड का?”

“आमी बघा… नुसती भाकरी. ज्येच्यासंगं खावी त्येची चव.”

असं बोलून तो सरळ उभा राहिला आणि मला त्याचा चेहरा दिसेनासा झाला. फक्त शर्टाचं दुसरं बटण दिसत होतं. ते तुटलेलं होतं. मी त्या बटणाकडे जरा जास्तच वेळ बघितलं.

मग मी बिलात लिहिलं: खाट, एक दिवस.

“आज पण लिहिलं?” वरून आवाज आला.

“लिहावं लागतं.”

“बघा हं बाई. पैसे न्हाईत म्हणून पोरगी हितं. आन् पोरगी हितं म्हणून पैसे वाढत्यात. ह्येला काय म्हणायचं?”

“नियम.”

“आमच्यात ह्येला गुंता म्हणत्यात. आन् गुंता झाला की आमी धागा तोडतो, चादर न्हाय.”

बाहुली

मी वॉर्डात जात नसे. माझं काम खालचं. त्या दिवशी गेले.

काशी खाटेवर बसली होती. डोक्यावरचे केस गळून विरळ झालेले. पोटावरची पट्टी सुटलेली; आतड्याला भोक पडलं होतं, ते शिवलं होतं. आता ती बरी होती. इतकी बरी होती की कंटाळली होती. शेजारच्या खाटेवरच्या आजीने तिला चिंध्यांची बाहुली करून दिली होती.

बाहुली उशीच्या एका टोकाला होती. काशीने हात आडवा धरला होता.

“कुठं निघाली? बिल भरलं का? न्हाय? मग झोप परत.”

तिने बाहुलीला झोपवलं. पुन्हा उठवलं. पुन्हा अडवलं.

“तिला जाऊ दे की,” मी म्हटलं.

काशीने माझ्याकडे बघितलं. “तुमी देता का चिठ्ठी? तुमीच देता ना चिठ्ठी?”

मी खाली आले. दोन माणसांचे पैसे घेतले, पावत्या दिल्या, हसले. तिसऱ्या माणसाने विचारलं, “बाई, बरं न्हाय का?” मला बरं नव्हतं. मला राग आला होता. पण मला राग येतो हे मला तोपर्यंत ठाऊकच नव्हतं, त्यामुळे मी त्याला डोकेदुखी समजत होते.

वाटण्या

चंद्रव्वाने सांगितलं ते असं. व्हरांड्यात, डबा धुता धुता.

“मठात बसली हुती पंचं. सिद्धप्पा अण्णा मधी. समदं ठरलं, एक एक करून. पोरीचं खाणं माझं. कापडालत्ता तिच्या बापाचा, सालातून दोन जोड. लगीन अर्धं-अर्धं.”

“लग्न? चार वर्षांच्या पोरीचं?”

“व्हय की. मांडव कुणाचा, जेवणावळ कुणाची, आहेर कुणाचा… लई वेळ चाललं ते. पुरुषमाणसं लई बोलली त्यात.”

“आणि आजारपण?”

चंद्रव्वाने चटकन गळ्यातल्या लिंगाला हात लावला.

“मी काढलं हुतं तोंड. म्हटलं, पोरगी आजारी पडली तर… एवढंच बोलले. तर अण्णा म्हणाले, शिव शिव! मठात बसून लेकराचं वंगाळ बोलू ने. हितं बोललेलं खरं हुतं. समद्यांनी कान धरलं. मी माझ्या तोंडात मारून घेतली, दोनदा.”

“मग?”

“मग काय. काडी मोडली. उठलो.”

डबा स्वच्छ झाला होता तरी ती तो धूतच राहिली.

म्हणजे असं: एका मुलीच्या पोटाचा विचार झाला होता, अंगाचा झाला होता, सोळा वर्षांनंतरच्या मांडवाचाही झाला होता. मध्ये ती एकदा तापेल, हा विचार करणं अभद्र होतं. सगळ्यांना तिचं इतकं भलं चिंतायचं होतं, की तिचं दुखणं कुणाच्याच वाट्याला ठेवलं नाही. ते तिचं तिलाच दिलं. सात वर्षांच्या मुलीला.

मोहोळ, जसं व्हायला हवं होतं

आम्ही गेलो. बसप्पाने बिल बघितलं. त्याने पैसे दिले आणि विचारलं, “आता जेवते का नीट?”

मोहोळ, जसं झालं

डॉक्टरांनीच मला पाठवलं. “बाप आडत्या आहे म्हणता ना? बिल घेऊन जा. मामाला बरोबर घ्या.” वसुलीचं काम. रविवारी मी आणि रेवणसिद्ध एस.टी.ने गेलो. जाताना त्याने मला खिडकीजवळची जागा दिली आणि म्हणाला, “आज तुमी खिडकीत आन् मी आत. उलटं झालं की!” मी हसले. थंड वारा होता, उसाच्या गाड्या होत्या, त्याचा खांदा माझ्या खांद्यापासून एक इंच लांब होता आणि तो तो इंच फार कष्टाने सांभाळत होता… ही जातानाची गोष्ट.

आडतीवर गुळाच्या ढेपांचा वास. माश्या. बसप्पा लोडाला टेकलेला, स्वच्छ पांढरा सदरा, कपाळावर भस्म.

“या, या. ए, चहा सांग. ह्या बाई कोण?”

“दवाखान्यातल्या,” रेवणसिद्ध म्हणाला. त्याचा आवाज बदलला होता. बारीक झाला होता.

बसप्पाने बिल वाचलं. खालून वर, मग वरून खाली. घडी घातली.

“मला काय काळीज न्हाय का? आत्ता भरतो. ह्या मिनिटाला. पोरगी हिकडं आणा.”

“म्हणजे… भेटायला?”

“ऱ्हायला. बिल माझं, तर पोरगी माझी. सरळ हाय की. तिच्या आयला कुणी अडवलंय? सणासुदीला यावं, तोंड बघावं, जावं.”

“भावजी, असं कसं—”

“कसं म्हणजे? काडी मोडताना काय ठरलंय? कापड माझं. दर दिवाळीला परकर-पोलकं धाडलं का न्हाय? सांग की. धाडलं का न्हाय?”

“धाडलं.”

“दुखण्याचं बोललंय का कुणी? पंचाम्होरं? न्हाय बोललं. मग मी कुठं चुकलो?”

आणि रेवणसिद्धाने हात जोडले. “तुमचं बराबर हाय, भावजी. पण—”

बराबर हाय! मी चहाचा कप खाली ठेवला.

“बरोबर आहे,” मी म्हटलं. “नुकसान तुमचंच झालंय. मुलीला ऑपरेशनला नेलं तेव्हा पोलकं काढायला वेळ नव्हता, कात्रीने कापलं. ते तुम्ही धाडलेलं दिवाळीचं होतं. तेवढं बिलात वजा करायचं का?”

बसप्पाने माझ्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. मग हसला. खरंच, चांगला हसला.

“बघू की,” म्हणाला. “चहा घ्या, बाई. गार हुतोय.”

परतीची एस.टी.

(आम्ही बोललो नाही. म्हणून इथे काही नाही.)

सोलापूर स्टँड

“तुम्ही हात जोडलेत.”

“आमी मुलीकडचे, बाई.”

“काडी मोडून तीन वर्षं झाली! अजून मुलीकडचे?”

“मुलीकडचं माणूस काडी मोडल्यावर बी मुलीकडचंच ऱ्हातंय. तोंड वर करून बोललो तर उद्या म्हणतील, भावाला मस्ती आली, म्हणून बहिणीला नांदवलं न्हाय. तुमाला न्हाय कळायचं.”

“मला कळतं. मला रोज कळतं. मी तुम्हाला रोज वाकलेलं बघते. खिडकी खाली आहे म्हणून वाकता असं मला वाटायचं! तुम्हाला तशी सवयच आहे.”

हे मी बोलायला नको होतं. मी बोलले. स्टँडवरची माणसं बघायला लागली. पेरूवाली बघायला लागली.

“चिठ्ठी देत न्हाय ते कोण?” तो म्हणाला, हळूच. “खाट, एक दिवस, ते कोण लिहितंय?”

दोघांनाही लागलं होतं, आणि दोघांचंही खरं होतं.

“आणि हा धागा!” मी एकदम म्हटलं. “रोज हा धागा! तुमच्या घरात आरसा नाही?”

मी हात वर केला आणि त्याच्या कानामागचा धागा ओढून काढला. हिरवा होता. तो हलला नाही. श्वाससुद्धा घेतला नसावा. माझी बोटं त्याच्या कानाला लागली, कान थंडीने गार होता आणि बघता बघता… गरम झाला.

“मठात जायचं,” मी म्हटलं. “ज्यांनी विषय बंद केला त्यांनीच तो उघडायचा.”

“अण्णा न्हाय काढायचे.”

“मी काढते. मी कुणाकडचीच नाही.”

तो माझ्याकडे बघत राहिला. “असं म्हणू नका,” म्हणाला. बस, एवढंच.

मठ

सिद्धप्पा अण्णा वाईट माणूस नव्हते. माझ्या वडिलांना ओळखायचे. बैठक बोलवा म्हटल्यावर त्यांनी बोलावली आणि बसप्पाला निरोप धाडला. बसप्पा आला, कारण अण्णांनी बोलावलं आणि आडत्या आला नाही, हे दुसऱ्या दिवशी बाजारात कळतं.

घोंगड्या अंथरलेल्या. पुरुष पुढे, चंद्रव्वा खांबाआड. मी बिल घेऊन उभी. मला कुणी बस म्हटलं नव्हतं.

बसप्पाने आपलं मांडलं. फार छान मांडलं. माना हलल्या.

अण्णा म्हणाले, “विजयमाला, पोरी, तो म्हणतोय ते खोटं न्हाय. तो विषय ठरला न्हवता.”

“का ठरला नव्हता, अण्णा?”

“आगं, लेकराच्या बाबतीत तसलं… मठात…”

“कसलं?”

“आता मी काय तोंडानं बोलू?”

“बोला ना. पोरगी आजारी पडली. एवढं बोला.”

“शिव शिव.”

“तुम्ही तेव्हा बोलला नाहीत, अण्णा. इतक्या जणांपैकी कुणीच बोललं नाही. तरी पडली! मग तुमच्या न बोलण्याने कुणाचं भलं झालं? मी बोलते. गोवर!”

कुणीतरी कान धरला.

“कांजिण्या! डांग्या खोकला! कावीळ! जुलाब, गालफुगी, हिवताप!” माझा आवाज तुळयांपर्यंत गेला. तो माझाच आवाज आहे हे मला पटत नव्हतं. “हात मोडतो! कुत्रं चावतं! कान फुटतो! दात येताना ताप येतो, दात पडताना येतो, उगाच येतो! विषमज्वर! टायफॉइड! आतड्याला भोक!”

“बास, आगं पोरी, साकु!” घाबरून अण्णा कानडीत ‘पुरे’ म्हणाले. त्यांनी लिंग हातात घट्ट धरलं होतं. मागे एकजण उठून बाहेर गेला, चूळ भरायला. बसप्पा हसत होता, पण आता त्याला ते हसू कुठे ठेवावं हे कळत नव्हतं.

“सगळ्या पोरांना होतं हे. तुम्ही त्यांच्या लग्नात कोण किती पंगती उठवणार ते ठरवलंत. ती लग्नापर्यंत जगेल कशी, ते कुणाच्या वाट्याला दिलंत?”

आणि खांबाआडून चंद्रव्वा पुढे आली. पदर डोक्यावर, हात पिठाने पांढरे. ती तशीच आली होती. तिने कुणाकडेही बघितलं नाही. तीन वर्षांपूर्वी अर्धं तोडलेलं वाक्य तिने जिथल्या तिथून उचललं.

“…आजारी पडली तर दोघांनी बघायचं. अर्धं मी, अर्धं तिच्या बापानं. माझं अर्धं माझ्या भावानं भरलंय, ते मी त्येला फेडणार. पोरगी माझ्यापाशी ऱ्हानार. ती काय गुळाची ढेप न्हाय, पैसं दिलं की उचलली.”

या वेळी तिने तोंडात मारून घेतली नाही.

तेव्हा रेवणसिद्ध उठला. मला वाटलं, हात जोडणार. त्याने हात पाठीमागे बांधले.

“बसप्पा,” तो म्हणाला. भावजी नाही. “अक्का बोलली ते बराबर हाय.”

अण्णांची म्हातारी बोटं घोंगडीच्या दशा विंचरत होती. “चूक माझी झाली,” असं ते म्हणाले नाहीत. मोठी माणसं तसं म्हणत नाहीत. ते म्हणाले, “दुखणं अर्धं-अर्धं. ह्यापुढं बी. पोरगी आयजवळ. बसप्पा, आत्ता देतोस का उद्या?”

सगळा बाजार बसला होता समोर.

“आत्ता देतो की,” बसप्पा म्हणाला. पण मोजताना थांबला. “ह्ये मधले खाटेचे दिवस मी देणार न्हाय. पोरगी बरी झाल्यावरचे. ते काय दुखणं न्हाय.”

आणि मला सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल तर याचा: त्या एका गोष्टीत तो बरोबर होता.

खिडकी, बाहेरून

ते दिवस मी खोडले. लाल शाईने, एकेक ओळ, माझंच अक्षर.

डॉक्टर आवाज चढवत नसत. “विजयमाला, हे कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. ती बरी होती. आपण तिला धरून ठेवली होती. धरून ठेवायचं भाडं तिच्याकडूनच कसं घ्यायचं?”

“मग तुमच्या पगारातून घेऊ?”

“घ्या. पण उद्या दुसरं पोर अडवायला मी नाही.”

मी किल्ली टेबलावर ठेवली. शेवटची चिठ्ठी, काशीची, लिहिली, सही केली आणि बाहेर येऊन ती धोंडीरामला स्वतः दिली. त्याने वाचलीच नाही. दार दोन्ही बाजूंनी उघडलं.

जाताना मी एकदा त्या खिडकीपुढे उभी राहिले आणि आत बघायला गेले. कमरेत वाकावं लागलं. मान तिरकी करावी लागली. इतकी वर्षं मी आत होते आणि मला माहीतच नव्हतं…

घरी आई, शांतम्मा, चुलीपुढे बसून रडली. “मठात उभी राहून कावीळ-गोवर घोकणारी सून कोण करून घेणार आता?”

“बघू की,” मी म्हटलं.

गड्डा

सिद्धेश्वराची यात्रा भरली होती. नंदीध्वजांच्या काठ्या निघून गेल्या होत्या, पण गड्ड्यावर, यात्रेच्या मैदानात, धूळ, भज्यांचा वास, पिपाण्या, हलगी. सिद्धेश्वराच्या लग्नाच्या अक्षता आदल्या दिवशी पडल्या, तरी तांदळाचे दाणे अजून लोकांच्या टोप्यांत होते. काशी लाकडी घोड्याच्या पाळण्यावर होती. डोक्याला चंद्रव्वाचा रुमाल. एका फेरीत ती आमच्याकडे बघायची, एका फेरीत चंद्रव्वाकडे, जी पलीकडे बांगड्या बघण्याचं नाटक फार वाईट करत होती.

“कारखान्यात हिशेबाला माणूस पायजे,” रेवणसिद्ध म्हणाला. “मालकाला सांगितलंय. खिडकी न्हाय तितं. नुसतं टेबल.”

“हे सांगायला बोलावलंत?”

“न्हाय.”

पाळणा फिरला.

“विजयमालाबाई, माझ्या एका दाढेला कीड हाय.”

“काय?”

“आधीच सांगतो. मागनं बोललं न्हाय म्हणू नका. थंडीत खोकला आसतो, सुताच्या धुळीनं. लहानपणी डावा हात मोडलाय, पावसात ठणकतो. बाकी ठीक हाय.” तो माझ्याकडे बघत नव्हता, काशीच्या घोड्याकडे बघत होता, कान मात्र लाल. “तुमचं काय?”

आजूबाजूला अख्खं सोलापूर होतं. मी धुळीत चपलेने रेघ ओढली.

“चष्मा लागणार आहे, वाटतं. आणि… अर्धशिशी. उन्हाळ्यात उठते.”

“ती तर आधीच अर्धी हाय. त्यातली अर्धी मला.”

“राग पण येतो. नवीनच सुरू झालंय. त्याला औषध नाही म्हणतात.”

“त्येच्यासाठीच तर…” तो थांबला. पुन्हा सुरुवात केली. “त्या दिवशी मठात तुमी कुत्रं चावतं म्हणालात ना, तवा मला… मी उठलो ते त्यामुळं. न्हाय तर बसूनच ऱ्हायलो आसतो. मला बसून ऱ्हायची लई सवय हाय. तुमी जवळ आसला तर… उठता यील.”

मी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ बघितलं. त्याला वाकायची गरज नव्हती, मला मान वर करायची होती, एवढाच फरक.

“हे विचारणं झालं का?” मी म्हटलं. “का उन्हाळ्यात विचारणार? उन्हाळ्यात माझं डोकं दुखतं.”

“आत्ता इचारलं की!”

“मग हो.”

त्याला ऐकू आलं नाही. हलगी फार जोरात होती. मला दुसऱ्यांदा म्हणावं लागलं, ओरडून, आणि पाळणा नेमका थांबला होता, आणि भजीवाल्यापासून बांगड्यांच्या दुकानापर्यंत सगळ्यांनी ते ऐकलं. चंद्रव्वाच्या हातातली बांगडी फुटली. तिने दुकानदाराला तिचे पैसे हसत हसत दिले.

काशी घोड्यावरून उतरली नाही. अजून एक फेरी पाहिजे म्हणाली.

एक मागाहून कळलं: काशीचं ऑपरेशन आहे, हा निरोप बसप्पाला ऑपरेशनच्या दिवशी सकाळीच मिळाला होता. तो त्या दिवशी सोलापुरातच होता, गुळाच्या सौद्यांना. दवाखान्यात आला नाही.